दौंडच्या टीव्हीला सोन्याची तार

शनिवार आहे, ऑफिसचा लॅपटॉप बंद आहे, आणि पंधरा दिवस डोक्यात घोळणारा एक विषय आज हातावेगळा करायचाच आहे. विषय अगदी साधा आहे: वायर. टीव्हीच्या मागे धूळ खात लोंबणारी, घरातल्या कुणालाही जिचं तोंड आठवणार नाही अशी एचडीएमआय केबल.

आधी निकाल सांगतो, पुरावे मागाहून. दोन मीटरच्या एचडीएमआय केबलचे तीन हजार रुपये घेणं याला मी विक्री म्हणत नाही. ही लुबाडणूक आहे, आणि ती एसी शोरूममध्ये, टाय लावून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर होते म्हणून तिला कुणी लुबाडणूक म्हणत नाही, एवढंच. रस्त्यावर कुणी 'सोन्याचं पाणी दिलेली' अंगठी विकली तर आपण हसून पुढे जातो. तेच पाणी केबलच्या टोकाला दिलं की आपण कार्ड काढतो!

आमचे एक मामा दौंडला असतात. रेल्वेतून रिटायर झालेले. (दौंडमध्ये रेल्वेतून रिटायर झालेला मामा शोधावा लागत नाही. जंक्शनचं गाव आहे, दगड मारला तर रेल्वेवाल्याला लागेल.) दिवाळीला त्यांनी ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. दौंडला टीव्हीची दुकानं आहेत, पण 'मोठ्या शोरूममध्ये फसवत नाहीत' या श्रद्धेपोटी मामा सकाळची गाडी धरून पुण्याला आले. टीव्ही ३१,००० चा. तो ठीक होता, भावही ठीक होता. बिलाचा खालचा भाग मात्र बघा:

एचडीएमआय केबल, दोन मीटर, २४ कॅरेट गोल्ड प्लेटेड: २,९९९
स्टॅबिलायझर: २,४००
वाढीव वॉरंटी: ३,५००
भिंतीवरचा स्टँड: १,२००
स्क्रीन पुसायचा किट (म्हणजे एक फडकं आणि एक बाटली): ६९९

बेरीज १०,७९८. टीव्हीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. आणि हे सगळं 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये मिसळलेलं, त्यामुळे मामांच्या हिशेबी 'महिन्याला थोडेसेच वाढले रे'.

खरी गंमत पुढे आहे. मामांकडे डीडी फ्री डिशचा जुना बॉक्स आहे. त्याच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीनरंगी वायर लागते. एचडीएमआयची खाच त्या बॉक्सला नाहीच! आणि यूट्यूब आणि बाकीची ॲप्स टीव्हीत वायफायवरून थेट चालतात, त्यांचं चित्र कुठल्याच केबलमधून येत नाही. थोडक्यात, तीन हजारांची सोन्याची तार प्लास्टिकच्या पिशवीसकट मामांच्या शोकेसच्या खणात आहे. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, तो पोरगा म्हणाला, चांगला टीव्ही घेताय काका, साध्या वायरने पिक्चर मार खाईल."

पिक्चर मार खाईल. या तीन शब्दांवर हा सगळा धंदा उभा आहे, म्हणून जरा तपासून बघू.

जुनी तीनरंगी वायर ॲनालॉग. तिच्यातून चित्र व्होल्टेजच्या चढउताराच्या रूपात जातं. वायर खराब असेल, बाहेरून गडबड मिसळली, तर चित्र खरंच थोडं थोडं बिघडतं. सावल्या पडतात, रंग वाहतात. म्हणजे एकेकाळी 'चांगली वायर, चांगलं चित्र' या म्हणण्यात काही तथ्य होतं. पण एचडीएमआय २००२ साली आलं ते डिजिटल म्हणून. तिच्यातून जातात शून्य आणि एक. पलीकडच्या टोकाला टीव्ही एवढंच ओळखतो की हा शून्य आहे का एक. ओळखला की काम संपलं. सोन्याच्या वायरीतून आलेला 'एक' हा काही जास्त तेजस्वी 'एक' नसतो. पाचशेची नोट चांदीच्या ताटातून दिली म्हणून तिचे सहाशे होत नाहीत.

मग खराब केबलने काहीच होत नाही का? होतं की. शून्याचे एक आणि एकाचे शून्य व्हायला लागले की पडद्यावर चमचमणारे ठिपके दिसतात, चित्र अडकतं, किंवा सरळ काळोख होतो. पण ते डोळ्यांत भरणारं बिघडणं असतं. 'रंग जरा फिके', 'काळा जरा कमी काळा', 'चेहऱ्यावर जिवंतपणा नाही' असलं नाजूक बिघडणं डिजिटल केबलला जमतच नाही. ते करायला आधी प्रत्येक ठिपक्याचा आकडा वाचून, विचार करून बदलावा लागेल, आणि तेवढी अक्कल तांब्याच्या तारेत नसते. त्यामुळे कुणी 'या केबलने रंग खुलतात' म्हणालं तर समजा की त्याला केबल कळत नाही, किंवा तुम्हाला कळत नाही अशी त्याची खात्री आहे.

आता आकडे. (आपण इंजिनियर लोक, आकड्यांशिवाय झोप येत नाही.) एचडी चॅनल आपल्याकडे बहुधा १०८०आय असतं. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत त्याला सेकंदाला साधारण सव्वादोन गिगाबिट लागतात. एचडीएमआय केबलींच्या अधिकृत वर्गवारीतला सगळ्यात खालचा वर्ग, 'स्टँडर्ड', नेमका एवढ्यासाठीच तपासलेला असतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या फोर-केला लागतात सुमारे १८ गिगाबिट. त्यासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' हा वर्ग आहे. यातला 'प्रीमियम' हा प्रमाणपत्राचा शब्द आहे, भावाचा नव्हे. म्हणजे गरज किती आणि केबल कुठली हे छापील कोष्टकावरून ठरतं, त्यात कॅरेटचा रकाना नाही.

आणि मामांचा फ्री डिश? साधं एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के पडदा ८२,९४,४०० ठिपक्यांचा. बरोब्बर वीसपट. आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे एकोणीस ठिपके टीव्हीला मनाने भरावे लागतात. जे चित्र मुळात आलंच नाही ते कुठली केबल आणणार? फर्स्ट क्लासच्या डब्यात बसलं म्हणून दौंड पुण्याच्या जवळ येत नाही.

आता ते सोनं. सोनं गंजत नाही म्हणून संपर्काच्या जागी त्याचा पातळ थर देतात, आणि हे चांगलंच आहे. पण तो थर इतका पातळ असतो की दोन-तीनशेच्या केबललाही तो परवडतो. शिवाय वीज वाहून नेण्यात सोनं तिसरं. पहिली चांदी, दुसरं तांबं. 'सोन्यामुळे सिग्नल जास्त वाहतो' हे शाळेच्या पुस्तकातच नापास होतं. कळस म्हणजे ऑप्टिकल ऑडिओ केबल. तिच्यातून वीज जातच नाही, प्रकाश जातो. तरी तिच्या टोकांना सोन्याचा मुलामा देऊन विकणारे आहेत आणि घेणारेही आहेत. प्रकाशाला सोन्याचं काय कौतुक हो?

'पण आम्ही शोरूममध्ये डोळ्यांनी फरक बघितला' असं म्हणणारे भेटतात. बघितला असणार. फरक घडवणं अगदी सोपं आहे. दोन टीव्ही शेजारी ठेवायचे. एकाला महाग केबल आणि फोर-केची खास बनवलेली फीत, म्हणजे समुद्र, पोपट, स्ट्रॉबेरी. दुसऱ्याला साधी केबल आणि साधं चॅनल. पहिला टीव्ही 'स्टोअर मोड'मध्ये, म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडातही डोळे दिपावेत एवढा भडक. गिऱ्हाईक बघतं केबलकडे, फरक असतो बाकी सगळ्यात. याला उपाय एका वाक्याचा आहे: "जरा दोन्ही केबलींची अदलाबदल करून दाखवा." हे म्हटल्यावर शोरूममध्ये अचानक सगळ्यांना दुसरी कामं आठवतात.

बाहेरच्या देशांत तर याची मोठमोठी उदाहरणं आहेत. २००८ मध्ये डेनॉन कंपनीने जेमतेम दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरना बाजारात आणली होती, आणि सिग्नल कुठल्या दिशेने जावा याचे बाण तिच्यावर छापले होते! त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरच्या पेअर कंपनीच्या स्पीकर केबली आणि साध्या केबली यांतला फरक डोळे झाकून, फक्त कानांनी ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. एक समीक्षक तयारही झाला. पण कंपनीने केबली देण्यातून अंग काढून घेतलं आणि परीक्षा झालीच नाही. आपल्याकडे चमत्कार करणाऱ्या बाबाला अंनिसवाले आव्हान देतात तेव्हा बाबाला नेमकं मौन लागतं, तसंच हे. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. केबलमधून रंग खुलवणारे बाबा त्यात बसत नाहीत, त्यांच्याकडे एसी आहे.

आणि हे आजचं नाही. नव्वदच्या दशकातले टेप आणि स्पीकर आठवा. खोक्यावर भलामोठा आकडा: ४००० वॅट पीएमपीओ! घरातला साधा प्लग ६ अँपियरचा. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. भिंतीतून १३८० च्या वर निघूच शकत नाहीत, मग ४००० कुठून आले? खोक्यावर छापून आले. अमेरिकेत ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजून सांगायचे याचा सरकारी नियम १९७४ पासून आहे. पीएमपीओचं नाव आता कमी ऐकू येतं, पण तो आत्मा 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' आणि 'मोशन रेट' या नावांनी पुनर्जन्म घेऊन फिरतो आहे.

आता जरा न्यायाने बोलू, कारण नुसती शिवीगाळ करून भागत नाही. केबल कुठेच महत्त्वाची नसते असं माझं म्हणणं नाही. गेमिंगसाठी सेकंदाला १२० चित्रांचं फोर-के हवं असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड' हा ४८ गिगाबिटचा वर्ग लागतो. त्याच्या खोक्यावर स्कॅन करून तपासता येईल असं लेबल असतं, ते तपासा. प्रोजेक्टर छताला आहे आणि दहा-पंधरा मीटर तार न्यायची आहे, तर तिथे कुठलीही चालणार नाही. स्पीकरच्या वायरला जाडी लागते. पण हिशेब करा: दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध होतो साधारण ०.१२ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. दीड टक्का. ही वायर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते. स्टॅबिलायझरचंही तसंच. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. बऱ्याच टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाबाची काळजी टीव्ही स्वतःच घेतो. तुमच्या भागात दाब २४० च्या फार वर उसळत असेल तर जास्त दाबाला तोडणारं साधन जरूर घ्या. पण कारण कळून घ्या, बिलात आलंय म्हणून नको.

मग हा प्रकार चालतो का? कारण टीव्हीवर दुकानदाराला फार काही सुटत नाही. तुम्ही-आम्ही मोबाईलवर चार ठिकाणचे भाव बघून जातो आणि टीव्हीचा भाव घासून घेतो. केबलचा भाव कुणी बघत नाही. तुमची घासाघीस तिथे वसूल होते. त्या काउंटरवरच्या पोराला टीव्हीपेक्षा 'सोबत काय विकलं' याचं टार्गेट असतं. त्याच्यावर माझा राग नाही. तो कदाचित दौंड-पुणे रोज ये-जा करणाराच असेल, महिनाअखेर त्यालाही आकडा दाखवायचा असतो. राग आहे तो आकडा ठरवणाऱ्यावर. आणि 'एमआरपी ४,९९९, तुमच्यासाठी २,९९९' यावर. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, पण केबलची एमआरपी मुळात किती छापावी यावर काहीच बंधन नाही. आधी फुगवायचं, मग सवलत द्यायची. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी लपलेलं असतं. सवलतीचंही तेच.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? ही लूट समान वाटलेली नाही. खराडीतला किंवा हिंजवडीतला पोरगा काउंटरवर 'केबल नको' म्हणतो आणि सुटतो. सापडतो तो ज्याला तीनरंगी वायर आणि एचडीएमआय यातला फरक माहीत नाही. उसाचं बिल आल्यावर पहिला मोठा टीव्ही घेणारा पाटस-केडगावचा शेतकरी. कुरकुंभ एमआयडीसीत पाळी करणारा कामगार. रिटायर झालेले मामा. ज्याला माहिती कमी त्याला भाव जास्त. हा अज्ञानावरचा कर आहे, आणि तो सरकारी तिजोरीत जात नाही. 'त्यांचे पैसे, त्यांची मर्जी' असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: खोटं सांगून मिळवलेल्या होकाराला मर्जी कधीपासून म्हणायला लागलो आपण? आणि गंमत बघा, शेजारच्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला, एलजीच्या कारखान्यात टीव्ही बनतात. टीव्ही तयार होतो तिथून दौंड हाकेच्या अंतरावर, आणि टीव्हीबद्दलची साधी माहिती मात्र दौंडपर्यंत पोचत नाही.

कायदा आहे का? आहे, आणि चांगला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग ते लेखी असो की तोंडी. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा येतं (इतकंच काय, धूर आणि वायूसुद्धा येतात, व्याख्या लिहिणाऱ्याने काही सोडलेलं नाही). दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. 'ही केबल घेतली नाही तर टीव्ही देणार नाही' असं म्हणणं, म्हणजे एका वस्तूसाठी दुसरी घ्यायला लावणं, ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून त्याच कायद्यात वेगळी लिहिलेली आहे. आणि ज्या पुण्यात मामांना ही केबल लागली, त्याच पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती. पन्नास वर्षं झाली. आपण अजून बिल न वाचता सही करतो.

तर मंडळी, नुसतं वाचून हळहळू नका. एवढं करा:

१. घरात कुणी टीव्ही घेणार असेल तर आधी विचारा, चित्र कुठून येणार? वायफायवरून येणार असेल तर केबल लागतच नाही. नवा एचडी बॉक्स असेल तर त्याच्या खोक्यात आधी बघा, बऱ्याचदा केबल सोबतच येते.

२. घ्यायचीच असेल तर वर्ग बघा: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. कॅरेट बघू नका. खोक्यावर 'एचडीएमआय २.१ केबल' असा आवृत्तीचा आकडा मोठ्याने छापला असेल तर सावध व्हा. केबलवर आवृत्ती छापायची नाही, वर्ग छापायचा, असा एचडीएमआयवाल्यांचाच नियम आहे. दोन मीटरची साधी, चांगली केबल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन-तीनशेत मिळते.

३. टीव्हीचं बिल आणि बाकीच्या वस्तूंचं बिल वेगळं मागा. वेगळं झालं की त्यांचे आकडे दिसायला लागतात.

४. कुणी म्हणालं 'पिक्चर सुधारेल', तर शांतपणे म्हणा, "बिलावर लिहून द्या." भांडू नका, आवाज चढवू नका. फक्त लिहून मागा.

५. लिहून दिलं आणि खोटं निघालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पुढे जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

आणि शेवटचं, खास तुमच्या-माझ्यासारख्यांना. आपण ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधला एक स्वल्पविराम सोडत नाही, रिव्ह्यूमध्ये चाळीस शेरे मारतो. आईवडील गावाकडून फोन करतात, 'टीव्ही घ्यायचाय, कुठला घेऊ?', तेव्हा मात्र आपण एक लिंक पाठवून मोकळे होतो. तसं करू नका. त्या दिवशी अर्धा तास काढा. दुकानातून बिलाचा फोटो मागवा, पैसे देण्याआधी. एकेक ओळ वाचा आणि जिचा उपयोग सांगता येत नाही ती काढायला सांगा. दिवाळी दरवर्षी येते आणि शोरूमवाले तयारीत असतात. आपणही असू.